कॅनडाचं स्टडी परमिट नाकारलं, आता फेडरल कोर्टात जावं का?

प्रश्न सांगलीहून आला आहे. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात तीन वर्षं नोकरी, ओंटारिओतल्या एका कॉलेजात सप्लाय चेन मॅनेजमेंटच्या दोन वर्षांच्या कोर्सला प्रवेश. पीएएल (प्रांताचं संमतीपत्र), पहिल्या वर्षाची फी, जीआयसी (राहण्याखाण्याच्या खर्चासाठी कॅनडातल्या बँकेत ठेवलेली ठेव) असं सगळं जोडून अर्ज केला आणि नकार हाती आला. नकाराच्या पत्रात दोन कारणं: येण्याचा हेतू तात्पुरत्या मुक्कामाशी जुळत नाही, आणि कॅनडाबाहेर भक्कम कौटुंबिक संबंध नाहीत. वडील विचारतात, "एजंट म्हणतो पुन्हा अर्ज टाकू. टोरांटोतला भाचा म्हणतो कोर्टात जा. कोर्ट व्हिसा मिळवून देईल का? आणि पोरीचं नाव तर खराब होणार नाही?"

मी ओंटारिओत वकिली करतो आणि फेडरल कोर्टात इमिग्रेशनची प्रकरणं चालवतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरात सगळ्यात जास्त घोर त्याचाच असतो. नाव खराब होत नाही. कोर्टात गेलात म्हणून पुढचा अर्ज नाकारणं कायद्यात बसत नाही. उलट सरकारी वकिलांसाठी ही रोजची कामं आहेत, त्यात कुणी कुणावर डूख धरत नाही. हरलात तर सरकारचा खर्च सहसा तुमच्या गळ्यात पडत नाही. जिंकलात तरी तुमच्या वकिलाची फी सरकार देत नाही. इमिग्रेशनच्या प्रकरणांत खास कारण असल्याशिवाय खर्चाचा हुकूम होत नाही, असा नियमच आहे.

आता मुख्य प्रश्न. कोर्ट व्हिसा देत नाही. तुमची मुलगी कॅनडात शिकायला लायक आहे की नाही, हे न्यायाधीश ठरवत नाहीत. ते फक्त एवढंच बघतात की अधिकाऱ्याने दिलेली कारणं आणि तुम्ही दिलेली फाइल यांचा एकमेकांशी मेळ बसतो का. म्हणजे कोर्टात जे वाचलं जातं ते सगळं तुम्ही अर्ज टाकला त्या दिवशीच लिहून झालेलं असतं. नंतर सुचलेला मुद्दा, नंतर मिळवलेलं कंपनीचं पत्र, नंतर काढलेलं बँकेचं स्टेटमेंट यातलं काहीही न्यायाधीशांसमोर ठेवता येत नाही. त्यामुळे मला कुणी विचारलं की केस मजबूत आहे का, तर मी नकाराचं पत्र बाजूला ठेवतो आणि मूळ अर्जाची संपूर्ण प्रत मागतो.

हा "मेळ बसतो का" कसा तपासायचा, ते आज ज्या निकालावरून ठरतं तो डिसेंबर २०१९चा, कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाचा वाविलोव निकाल. त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे. अलेक्झांडर वाविलोव १९९४ साली टोरांटोत जन्मला. आईवडील खोट्या नावांनी राहणारे रशियन हेर होते. कुटुंब पुढे अमेरिकेत गेलं आणि २०१०मध्ये आईवडिलांना तिथे अटक झाली. २०१४मध्ये कॅनडाच्या नागरिकत्व निबंधकांनी मुलाचं प्रमाणपत्र रद्द केलं. त्यांचं म्हणणं असं की परक्या सरकारच्या प्रतिनिधींची मुलं इथे जन्मली तरी जन्माने नागरिक होत नाहीत, आणि हेर हेही परक्या सरकारचेच नोकर. वरवर बघता कलमाच्या शब्दांत ते बसतही होतं. सुप्रीम कोर्टाने मात्र म्हटलं की हा अपवाद ज्यांना राजनैतिक संरक्षण असतं अशांच्या मुलांसाठी आहे, कायद्याचा इतिहास आणि बाकीची कलमं तेच सांगतात, हे मुद्दे निबंधकांपुढे होते आणि त्यांचं उत्तर निर्णयात नाही. निर्णय टिकला नाही, मुलगा नागरिक ठरला.

हेराच्या मुलाचा सांगलीच्या इंजिनिअर मुलीशी काय संबंध, असं वाटेल. संबंध असा की त्याच निकालात कोर्टाने सरकारी निर्णय तपासण्याची पद्धत नव्याने मांडली, आणि आज फेडरल कोर्टात स्टडी परमिटचा जवळजवळ प्रत्येक वाद त्याच चौकटीत लढला जातो. चौकट थोडक्यात अशी: न्यायाधीशांनी स्वतःचं मत अधिकाऱ्याच्या जागी ठेवायचं नाही. पुरावा पुन्हा तोलायचा नाही. पण निर्णयाला कारण हवं, ते कारण फाइलमधल्या वस्तुस्थितीला धरून हवं, आणि ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्याच्या मुख्य मुद्द्यांना त्यात उत्तर हवं. निर्णय चुकीचा आहे हे दाखवायची जबाबदारी अर्जदाराची. कारणं थोडक्यात असली तरी चालतात, पण नसलेली कारणं सरकारी वकिलाने कोर्टात उभं राहून पुरवायची नाहीत. याच निकालात न्या. रेनी यांचं २०१३च्या कोमोलाफे प्रकरणातलं एक वाक्य उचललं आहे. त्याचा आशय असा की कागदावर ठिपके असतील तर कोर्ट ते जोडून घेईल, पण मुळात ठिपकेच नसतील तर कोर्टाने ते काढायचे नाहीत. हे वाक्य मी इतक्या सुनावण्यांत ऐकलं आहे की आता दोन्ही बाजूचे वकील ते अर्धंच म्हणतात.

सप्टेंबर २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाने मेसन प्रकरणात हीच चौकट आणखी घट्ट केली. तो वाद देशाच्या सुरक्षेच्या कलमाचा होता, विद्यार्थ्यांचा नव्हे. पण त्यात कोर्टाने परत एकदा बजावलं की परीक्षणाची सुरुवात अधिकाऱ्याच्या कारणांपासून करायची. न्यायाधीशाने आधी स्वतः बरोबर उत्तर काढून मग अधिकाऱ्याचं उत्तर त्याच्याशी जुळतं का ते बघायचं नाही. हे दुधारी आहे. अधिकाऱ्याने फाइल वाचल्याचं कारणांत दिसत असेल तर तुमचं म्हणणं कितीही पटणारं असो, हरता. दिसत नसेल तर फाइल फार भारी नसली तरी जिंकू शकता.

आता तुमच्या मुलीची फाइल. नकाराच्या पत्रातली दोन वाक्यं ही छापील चौकटीवर टिकमार्क केल्यासारखी असतात, त्यांच्यावरून काही कळत नाही. खरी कारणं अधिकाऱ्याने संगणकात टाकलेल्या टिपणांत असतात, ज्यांना सगळे जीसीएमएस नोट्स म्हणतात. पूर्वी त्या माहितीच्या अधिकारात मागवाव्या लागायच्या आणि त्यात महिना जायचा. २०२५च्या जुलैअखेरपासून इमिग्रेशन विभाग स्टडी परमिटसह काही अर्जांत नकाराच्या पत्रासोबतच ही टिपणं देऊ लागला आहे. तुम्हाला ती मिळाली आहेत, त्यामुळे तुमचा वेळ वाचला. त्यातला मजकूर मराठीत असा: अर्जदार अविवाहित, नोकरीच्या सुरुवातीच्या टप्प्यावर, कुणी अवलंबून नाही. अभियांत्रिकीची पदवी आणि संबंधित अनुभव आहे. असेच कोर्स मायदेशी कमी खर्चात उपलब्ध आहेत. खर्चाच्या मानाने होणारा फायदा पटत नाही. मुदत संपल्यावर अर्जदार कॅनडा सोडेल अशी खात्री पटत नाही.

बस्स, एवढंच. यातलं शेवटचं वाक्य कायद्यातून आलं आहे. इमिग्रेशन नियमावलीच्या कलम २१६ मध्ये अट आहे की मुदत संपल्यावर अर्जदार देश सोडेल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. म्हणजे ते कारण नाही, तो निष्कर्ष आहे. निष्कर्षापर्यंत नेणारं काय आहे, ते वरच्या चार वाक्यांत शोधायचं.

"अविवाहित, कुणी अवलंबून नाही." शिकायला निघालेली पंचविशीतली बहुतेक मुलंमुली अशीच असतात. एवढ्यावरून ती परत जाणार नाही म्हणायचं तर विद्यार्थी व्हिसाच कुणाला मिळायला नको, असं फेडरल कोर्टाच्या वेगवेगळ्या न्यायाधीशांनी बऱ्याच निकालांत म्हटलं आहे. पण खरा घोळ कौटुंबिक संबंधांत आहे. तुमच्या अर्जातल्या कुटुंबाच्या फॉर्मवर आईवडील, धाकटा भाऊ असे सगळे सांगलीत आहेत आणि कॅनडात सख्खं कुणी नाही. भाचा तिथे आहे, पण तो तुमचा भाचा, म्हणजे मुलीचा आतेभाऊ. फॉर्म त्याच्याबद्दल विचारतच नाही. अशा फाइलवर "कॅनडाबाहेर भक्कम कौटुंबिक संबंध नाहीत" हे वाक्य कुठून आलं, याचं उत्तर टिपणांत नाही. आईवडिलांचा उल्लेखसुद्धा नाही. अधिकारी म्हणू शकला असता की संबंध आहेत पण ते परत खेचण्याइतके जोरदार वाटत नाहीत, आणि त्यावर कोर्टाला फारसं काही करता आलं नसतं. तो म्हणाला की संबंधच नाहीत. फाइल त्याच्या उलट बोलते. मी या केसमध्ये पहिला मुद्दा हाच घेईन.

"असेच कोर्स मायदेशी कमी खर्चात उपलब्ध आहेत." इथे फेडरल कोर्टात दोन प्रवाह आहेत आणि ते मी लपवणार नाही. काही न्यायाधीश म्हणतात की अधिकारी हा करिअर सल्लागार नाही, परदेशात शिकायची माणसाची कारणं फक्त फीची नसतात, आणि कुठले कोर्स ते न सांगता असं वाक्य टाकणं म्हणजे हवेत तीर मारणं. दुसरे म्हणतात की हा खरा विद्यार्थी आहे का हे बघताना खर्च आणि फायद्याचा विचार करणं अधिकाऱ्याच्या कक्षेतच आहे. तुमची केस कुठल्या न्यायाधीशांसमोर येईल यावर थोडंफार अवलंबून राहतं. वकील मंडळी हे उघडपणे बोलत नाहीत, पण अशिलाला सांगितलं पाहिजे.

माझ्या मते तिसरा मुद्दा सगळ्यात जड आहे. मुलीच्या कंपनीने पत्र दिलं आहे की कोर्स पूर्ण करून आल्यावर तिला नियोजन विभागात वरच्या पदावर घेऊ. पत्रावर पद लिहिलं आहे, पगाराची श्रेणी लिहिली आहे. कोर्सचा उपयोग काय आणि परत यायचं कारण काय, या दोन्ही प्रश्नांना हे एकच कागदपत्र उत्तर देतं. टिपणांत त्याचा उल्लेख नाही. अधिकाऱ्याने प्रत्येक कागदाचा उल्लेख करावा असा कायदा नाही. त्याने सगळं वाचलं असं गृहीत धरलं जातं. पण १९९८च्या सेपेडा-गुतिएरेझ निकालापासून तत्त्व असं आहे की एखादा पुरावा निष्कर्षाच्या जितका थेट विरोधात, तितकं त्याबद्दलचं मौन संशयास्पद, आणि मग तो बघितलाच नाही असं कोर्ट मानू शकतं. "फायदा पटत नाही" असं लिहिणाऱ्याने हे पत्र का पटलं नाही ते एका ओळीत तरी लिहायला हवं होतं.

सरकारी वकील यावर काय म्हणेल तेही ऐका. तो म्हणेल की व्हिसा कार्यालयांत अर्जांचा ढीग असतो, कारणं त्रोटक असणारच. हे खरं आहे आणि कोर्टही ते मानतं. याला उत्तर २०२०च्या पटेल निकालात न्या. डायनर यांनी दिलं आहे: कामाचा बोजा मान्य, पण त्यामुळे समोर ठेवलेल्या वस्तुस्थितीची दखल घेण्यातून निर्णयाची सुटका होत नाही. हा निकाल पुढे बऱ्याच प्रकरणांत आधाराला घेतला गेला.

एक मुद्दा मात्र तुम्ही डोक्यातून काढून टाका. तुम्ही लिहिलंय की "हे सगळं कॉम्प्युटरच ठरवतो, माणूस बघतच नाही, हे कोर्टात मांडा." विभाग चिनूक नावाचं, एक्सेलवर चालणारं साधन वापरतो हे खरं. त्यात अर्जांची माहिती एका ओळीत मांडून दिसते. पण त्या वापरामुळेच निर्णय बेकायदा ठरतो, हा युक्तिवाद चाललेला नाही. २०२३च्या हघशेनास निकालात न्या. ब्राउन यांनी सांगितलं की निर्णय अधिकाऱ्याने घेतला आहे, साधन कुठलं वापरलं यापेक्षा निर्णय सयुक्तिक आहे का ते बघायचं. ते प्रकरण वर्क परमिटचं होतं आणि अर्जदार हरला. चिनूकवर पानं खर्च करणारा वकील भेटला तर जरा जपून.

आता तुमच्या बाजूने कच्चं काय आहे तेही बोलू. पैशांचे कागद मला आवडले नाहीत. नकाराच्या कारणांत पैसा नाही, म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. पण जिंकलात तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाईल आणि त्याच्यावर पहिल्या अधिकाऱ्याच्या मतांचं काही बंधन नसेल. पहिल्याने जे मान्य केलं ते तो नाकारू शकतो. कोर्टात जिंकून महिन्याभरात पैशाच्या कारणावर दुसरा नकार, हे घडतं.

तुमच्या फाइलमध्ये काय आहे? जीआयसी आहे, ती ठीक. राहण्याखाण्यासाठी एका माणसाला दाखवायची रक्कम अनेक वर्षं १०,००० कॅनेडियन डॉलर होती. ती १ जानेवारी २०२४पासून २०,६३५ झाली आणि १ सप्टेंबर २०२५पासून २२,८९५. फी आणि प्रवास वेगळा. पूर्वी एसडीएस या विद्यार्थ्यांसाठीच्या जलद योजनेत जीआयसी आणि फी भरली की पैशांचा विषय जवळपास संपायचा, ती योजना ८ नोव्हेंबर २०२४ला बंद झाली. आता कोर्सचा बाकीचा खर्च कुठून येणार, हे मुद्देसूद दाखवावं लागतं. तुम्ही दाखवलाय तो सातबारा, सीएचं मालमत्तेचं प्रमाणपत्र आणि अर्ज टाकण्याआधी तीन आठवडे खात्यात आलेली मोठी रक्कम. सातबारा मराठीत आहे आणि त्याला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडलेलं नाही. विभागाच्या दृष्टीने तो कागद नसल्यात जमा. भाषांतर असतं तरी अधिकारी विचारणार की ही जमीन विकून फी भरणार का? ऊस उभा असलेली अडीच एकर जमीन म्हणजे काय, हे आपल्याला कळतं, त्याला कळत नाही. सीएचा आकडा हा कागदावरचा अंदाज. मोठी जमा कुठून आली याचा एकही कागद नाही. ती सोसायटीतल्या ठेवी मोडून आली असेल तर ठेवींच्या पावत्या जोडायच्या, भावाने दिली असेल तर त्याचं पत्र आणि त्याचं स्टेटमेंट. बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर असेल तर ते पत्र या सगळ्यांपेक्षा सरस.

यातच न्यायाच्या प्रक्रियेचा एक मुद्दा येतो, जो एजंट लोक हमखास चुकीचा सांगतात: "शंका होती तर आम्हाला विचारायला हवं होतं." प्रत्येक शंकेला नाही. २००६च्या हस्सानी निकालापासून रेषा साधारण अशी आहे की पुरावा अपुरा वाटला तर विचारायची गरज नाही, कारण पुरेसा पुरावा देणं तुमचं काम. कागद खोटा आहे किंवा अर्जदार खोटं बोलतोय असा संशय असेल, तर मात्र तो सांगून उत्तर द्यायची संधी दिली पाहिजे. व्यवहारात ही रेषा पुसट असते. "अपुरा" हा शब्द वापरून अधिकारी खरं तर "खोटा" म्हणतोय, असं बऱ्याच केसेसमध्ये दाखवावं लागतं, आणि तिथे चांगला वकील आपली फी वसूल करून देतो.

समजा जिंकलात. मग काय? नेहमीचा हुकूम म्हणजे निर्णय रद्द, अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्याने विचारासाठी. कोर्टाने स्वतःच शेवटचा निर्णय देणं फार क्वचित होतं. जून २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने पेपा प्रकरणात तसं केलं. तिथे कायमस्वरूपी रहिवासाच्या व्हिसावर आलेल्या तरुणीला अपिलाचा हक्क आहे का हा वाद होता, कारण देशाबाहेर काढण्याचा आदेश निघेपर्यंत तिच्या व्हिसाची मुदत संपली होती. इमिग्रेशनचा अपील विभाग म्हणाला, हक्क गेला. सुप्रीम कोर्ट म्हणालं की कलमाचा हा अर्थ सयुक्तिक नाही, सयुक्तिक अर्थ एकच निघतो, तेव्हा प्रकरण पुन्हा त्याच प्रश्नावर फिरवत बसण्यात हशील नाही, अपील ऐका. निकाल आल्यापासून मला लोक विचारतात, मग आमच्याही केसमध्ये कोर्टाने सरळ परमिट द्यायला सांगावं. नाही सांगणार. पेपामध्ये प्रश्न कायद्याच्या अर्थाचा होता, तुमचा प्रश्न खात्री पटण्याचा आहे, आणि खात्री पटवून घेणं हे कायद्याने अधिकाऱ्याकडे दिलं आहे. पेपाचा उपयोग तुम्हाला दुसऱ्या ठिकाणी होतो. निर्णयाचा माणसावर किती परिणाम होतो त्या प्रमाणात कारणं भक्कम हवीत, हा वाविलोवमधला मुद्दा त्यात पुन्हा ठासून आला आहे. अर्थात स्टडी परमिटचा नकार म्हणजे देशाबाहेर काढणं नव्हे, तेव्हा तो फार ताणू नये.

प्रक्रिया आणि वेळ. निर्णय कॅनडाबाहेरचा असेल तर नकार कळल्यापासून ६० दिवसांत कोर्टात अर्ज दाखल व्हावा लागतो, कॅनडातल्या निर्णयाला १५ दिवस. कोर्टाची फी ५० डॉलर, खरा खर्च वकिलाचा. हा अर्ज म्हणजे थेट सुनावणी नाही. आधी परवानगी, जिला सगळे लीव्ह म्हणतात, ती मागायची. एक न्यायाधीश कागद वाचून परवानगी देतात किंवा नाकारतात, कारणं सहसा देत नाहीत, आणि नाकारली तर त्यावर अपील नाही. परवानगी मिळाली तर ३० ते ९० दिवसांच्या आत सुनावणी, हल्ली बहुधा झूमवर. कागद पूर्ण करायची मुदत ३० दिवस होती, पण दाव्यांचा पूर आल्यामुळे कोर्टाने मे २०२५मध्ये ती ७५ दिवस केली. त्यामुळे सगळंच लांबलं आहे.

तुमच्यासारख्यांसाठी एक जवळची वाट आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून फेडरल कोर्टाने फक्त स्टडी परमिटच्या नकारांसाठी एक प्रायोगिक योजना सुरू केली. त्यात परवानगी आणि मूळ वाद दोन्ही एकाच न्यायाधीशांकडून एकदम, सुनावणीशिवाय, कागदांवरच निकाली निघतात. नेहमीच्या वाटेने वर्ष-दीड वर्ष जातं तिथे पाच महिन्यांच्या आसपास उत्तर मिळावं असा हेतू आहे. अट अशी की वस्तुस्थितीचा वाद नको, सुरक्षेचा किंवा खोट्या माहितीचा मुद्दा नको, मुदत चुकलेली नको, आणि सरकारी वकिलाची संमती हवी. तुमचं प्रकरण या साच्यात अगदी बसतं. मी असतो तर याच योजनेत टाकलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी निकालपत्रांत दिसत नाही. बरीच प्रकरणं निकालापर्यंत जातच नाहीत. न्याय विभागाचा वकील फाइल वाचतो, कारणं टिकणार नाहीत असं त्याला वाटलं तर तो स्वतःच प्रस्ताव देतो: अर्ज मागे घ्या, आम्ही फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देतो आणि नवे कागद जोडायला वेळ देतो. कोर्टात जिंकून जे मिळणार तेच हे, तेही लवकर. असा प्रस्ताव आला तर "आम्हाला निकालच हवा" म्हणून अडून बसू नका. पण त्या वेळी सातबाऱ्याचं भाषांतर, कर्जाचं पत्र आणि जमेचा माग तयार पाहिजे. कॉलेजकडून प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलून घ्यावा लागेल आणि पीएएलचं काय ते कॉलेजला तेव्हाच विचारायचं.

एजंटचं म्हणणं सरसकट चूक नाही. फाइल कच्ची आणि कारणं बरी असतील तर पुन्हा अर्ज करणंच शहाणपणाचं. तोच अर्ज, तोच एसओपी (हा कोर्स का करायचा ते सांगणारं अर्जदाराचं निवेदन), फक्त तारीख बदलून टाकणं मात्र पैसे पाण्यात. एजंटने लिहिलेले एसओपी मी ओळखतो. कोल्हापूरचा मुलगा आणि जळगावची मुलगी, दोघांचंही कॅनडाच्या बहुसांस्कृतिक वातावरणावर तेच प्रेम, त्याच शब्दांत. अशा फाइलवर अधिकाऱ्याने दोन ओळींत नकार दिला तर कोर्ट म्हणतं, जेवढं विचारलं तेवढंच उत्तर मिळालं. तुमच्या मुलीने एसओपी स्वतः लिहिला आहे हे वाचताक्षणी कळतं, आणि तीच तुमची जमेची बाजू. दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येतात. कोर्टातलं प्रकरण चालू असताना नवा अर्ज टाकायला मनाई नाही. मात्र विभागाकडे फेरविचाराची नुसती विनंती केल्याने ६० दिवसांचं घड्याळ थांबत नाही, यात बरेच जण फसतात.

नव्या अर्जात आधीचा नकार लिहायचाच. फक्त कॅनडाचा नाही, कुठल्याही देशाचा. मुलीने कॉलेजात असताना अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखत दिली होती आणि तो मिळाला नव्हता, असं तुमच्या मेलच्या शेवटी सहज लिहून गेला आहात. पहिल्या अर्जात त्या प्रश्नाला काय उत्तर दिलं होतं ते आज संध्याकाळी तपासा. "नाही" असं टाकलं असेल तर कोर्टात जाण्याआधी मला किंवा ज्याच्याकडे जाल त्या वकिलाला ते सांगा. खोटी माहिती दिल्याचा ठपका आला तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद होतं, आणि "एजंटने फॉर्म भरला" हे उत्तर सहसा चालत नाही. फॉर्मवर सही अर्जदाराची असते. आत्तापर्यंत त्यांच्या लक्षात आलेलं नाही, म्हणजे पुढेही येणार नाही, असं समजू नका. पुन्हा विचार करताना नवा अधिकारी सगळंच नव्याने बघतो.

आणि वकील निवडताना एवढं बघा. इमिग्रेशन कन्सल्टंट, म्हणजे ज्यांच्याकडे आरसीआयसी परवाना असतो, ते अर्ज भरू शकतात, पण फेडरल कोर्टात तुमच्या बाजूने उभे राहू शकत नाहीत. तिथे कॅनडातल्या एखाद्या प्रांताच्या बारचा वकीलच लागतो, प्रांत कुठलाही चालतो. त्याचं नाव त्या प्रांताच्या लॉ सोसायटीच्या यादीत ऑनलाइन सापडतं. पुण्यातल्या ऑफिसातून "आमचा कॅनडाचा वकील बघेल" असं सांगत असतील तर त्याचं नाव मागा आणि त्याच्याशी एकदा स्वतः बोला. एआयकडून मसुदा लिहून घेणारेही आता निघाले आहेत. त्यात न झालेले निकाल रचून येतात. तसा मजकूर वापरला असेल तर तो जाहीर करावा लागतो असा फेडरल कोर्टाचा दंडक आहे, आणि २०२५मध्ये अस्तित्वात नसलेले निकाल दिल्याबद्दल एका वकिलाला कोर्टाने फैलावर घेतलं. स्वस्तात सगळं उरकून देतो म्हणणाऱ्याला विचारा की माझ्या प्रकरणात कुठले तीन निकाल वापरणार, आणि ते उघडून दाखवायला सांगा.

तुमच्या मेलनुसार नकार कळून तीन आठवडे झाले आहेत. म्हणजे साधारण पाच आठवडे हातात आहेत. या आठवड्यात तीन गोष्टी एका फोल्डरमध्ये जमवा: पोर्टलवर टाकलेला अर्ज जसाच्या तसा, सगळ्या जोडलेल्या कागदांसह, नकाराचं पत्र आणि टिपणं, आणि पोर्टलवर नकार कधी दिसला त्याचा स्क्रीनशॉट, कारण मुदत त्या दिवसापासून मोजतात, एजंटने तुम्हाला फोन केला त्या दिवसापासून नाही.